जुन्या ब्राउझरांतील नवीं पानें

थेरगांवच्या डांगे चौकांतून सकाळीं पश्चिमेकडे जो वाहनांचा ओघ जातो, त्यांतील पुष्कळसा हिंजवडीच्या वाटेला लागतो. पिंपरी-चिंचवडच्या या पट्ट्यांत लोखंडी भाग मापून पाहणारे परीक्षक जुने. त्यांच्या शेजारींच आतां एक निराळा परीक्षक राहूं लागला आहे. तो तपासतो तें वेबपान. त्याच्या कामांतील चमत्कारिक गोष्ट अशी कीं, आज तयार झालेलें पान तो मुद्दाम दहा-दहा वर्षांपूर्वींच्या ब्राउझरांत उघडून पाहतो.

छापील पान सर्वांच्या हातीं एकच पडतें. वेबपानाचें तसें नाहीं. दूरच्या यंत्राकडून येतो तो केवळ मजकूर, आणि त्याच्या मांडणीच्या सूचना. त्या वाचून प्रत्येकाच्या यंत्रावर पान नव्यानें रचावें लागतें, व तें रचणारा कारागीर म्हणजे ब्राउझर. कारागीर जुना असेल तर आजच्या सूचना त्याला कशा कळाव्या? टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ मध्यें सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेंत वेबची कल्पना मांडली व पुढें ती उभारली. त्या वेबच्या लेखनपद्धतींत एक उदार नियम रुळला आहे: जी खूण ब्राउझरला ओळखतां येणार नाहीं ती त्यानें सोडून द्यावी, पण तिच्या आंतील मजकूर दाखवावा. त्यामुळें जुन्या ब्राउझरांत रंग उडतात, शेजारचे रकाने एकाखालीं एक येतात. परंतु वाचक उपाशीं राहत नाहीं.

जावास्क्रिप्ट ही पानाला हालचाल देणारी भाषा मात्र इतकी क्षमाशील नाहीं. तिच्या व्याकरणांतील एखादी नवी रचना जुन्या ब्राउझरला उमगली नाहीं, तर ती सबंध फाइलच तो टाकून देतो. बटण दिसतें, पण दाबलें तरी ढिम्म हालत नाहीं. घरपट्टी भरावयास बसलेल्या गृहस्थाला आपलें काय चुकलें हेंच कळत नाहीं. आणि वस्तुतः त्याचें कांहींच चुकलेलें नसतें.

मराठी पानाचें दुखणें याहून खोल आहे. आरंभींच्या काळांत मराठी संकेतस्थळें आपापले फाँट वापरीत. रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरी आकृति बसविलेल्या असत, आणि तो फाँट नसलेल्या यंत्रावर बातमीऐवजीं इंग्रजी अक्षरांचा अर्थशून्य कचरा दिसे. युनिकोडनें प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. पण क्रमांक कळणें वेगळें आणि अक्षर जुळविणें वेगळें. २००१ मध्यें निघालेल्या विंडोज एक्सपीवर भारतीय लिपींची सोय निराळी बसवून घ्यावी लागे. ती नसली कीं अक्षरांऐवजीं चौकटी उमटत, किंवा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागें न येतां पुढें जाऊन पडे. अँड्रॉइडच्या पहिल्या आवृत्त्यांतहि देवनागरी नव्हती. त्या दिवसांत ऑपेरा मिनीच्या सेटिंगांत शिरून अक्षरांऐवजीं त्यांचीं चित्रें मागविण्याची युक्ति पुष्कळांनीं वापरली.

चौकट दिसली तर निदान चूक उघड होते. न दिसणारी चूक अधिक घातक. 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक्यास, आणि 'आचार्यास' म्हणजे गुरूस; 'दऱ्या' डोंगरांत, तर 'दर्या' कोंकणांत! यांतील अर्धा ऱ लिहिण्याच्या दोन रीती आहेत. त्यांपैकीं एकींत डोळ्याला न दिसणारें जोडचिन्ह घालावें लागतें. जुन्या यंत्रणेनें तें चिन्ह गाळलें कीं ऱ चा रफार होतो, आणि आचाऱ्याचा आचार्य! तसेंच 'ॲ' हें अक्षर युनिकोडमध्यें २००८ मध्यें आलें. त्यापूर्वींच्या फाँटांत त्याला जागाच नाहीं. पानाच्या दोन छायाचित्रांतील बिंदु ताडून पाहणारें यंत्र शेकडों निरुपद्रवी फरक दाखवितें, पण त्यांतला कोणता अर्थ बिघडविणारा हें सांगूं शकत नाहीं. येथें मराठी वाचतां येणारा माणूसच लागतो.

जुने ब्राउझर मिळवावे कसे? नव्या संगणकाच्या पोटांत जुना संगणक भासमान रूपानें चालवितां येतो. इंटरनेट एक्सप्लोररच्या जुन्या आवृत्त्या तपासण्यासाठीं मायक्रोसॉफ्ट असे भासमान संगणक कांहीं वर्षें विनामूल्य देत असे; त्या ब्राउझरचा आधारच १५ जून २०२२ रोजीं काढून घेण्यांत आला. फोनांच्या बाबतींत मात्र भासावर भागत नाहीं. मंद यंत्र, अपुरी स्मृति, तडकलेली कांच हें सर्व खरा जुना फोन हातीं घेतल्यावांचून समजत नाहीं. समोरचा ब्राउझर कोणता हें त्याच्याच तोंडून विचारण्यांतहि फारसा अर्थ नाहीं, कारण जुन्या स्पर्धेच्या वारशानें बहुतेक सगळेच ब्राउझर आपलें नांव प्रथम 'मोझिला' असें सांगतात! म्हणून नांव न विचारतां, अमुक गोष्ट तुला येते काय, असें पानानेंच विचारावें ही रीत अधिक भरवशाची.

सर्व ब्राउझरांत पान हुबेहूब दिसावें असा हट्ट कांहीं मालक धरतात. तो व्यर्थ आहे. गोल कोपरे चौकोनी झाले म्हणून कोणाचें अडत नाहीं. अडतें तें नांव, रक्कम, तारीख आणि 'पुढें' हें बटण यांपाशीं. रुपयाचें '₹' हें चिन्ह शासनानें जुलै २०१० मध्यें स्वीकारलें व त्याच वर्षीं तें युनिकोडमध्यें आलें. त्यापूर्वींच्या फाँटांत त्याच्या जागीं रिकामी चौकट उमटते. बिलावरील रकमेआधीं अशी चौकट पाहून वयस्क माणूस पैसे भरावयास कचरतो, व त्यांत त्याचा दोष नाहीं. अशा ठिकाणीं जाणता परीक्षक चिन्ह काढून साधें 'रु.' लिहावयास सांगतो.