विजेची गिटार आणि कामकऱ्याचे बोट

विजेवर चालणारी गिटार कशी शिकावी, हा विषय कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माणसाने व्याख्यानाला घ्यावा, याचे श्रोत्यांना नवल वाटेल. आमचे शिक्षण रात्रशाळेत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले; संगीताचे शिक्षण तर तेथेही झाले नाही. तथापि हा विषय आमच्याकडे आला तो आमच्या नेहमीच्याच वाटेने, म्हणजे अपघाताच्या एका दाव्यातून.

काही वर्षांपूर्वी आठ-नऊ माणसांच्या एका लहान वर्कशॉपात प्रेसवर काम करणाऱ्या तरुणाच्या डाव्या हाताच्या अनामिकेचे टोक तुटले. भरपाईचा अर्ज आम्हीच लिहिला. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याला एक परिशिष्ट होते. कोणता अवयव गेला म्हणजे माणसाची कमाईची शक्ती किती टक्के गेली, याचे कोष्टक त्यात दिलेले होते. हाड शाबूत राहून अनामिकेचे नुसते टोक गेले, तर २ टक्के. तो तरुण ते वाचून म्हणाला, "दादा, कायद्याच्या हिशेबानं दोन टक्के गेले. माझी तर गिटार गेली."

तो संध्याकाळी गिटार शिकत असे, हे आम्हांस तेव्हा कळले. त्याला काय उत्तर द्यावे ते सुचेना. मग सवयीप्रमाणे आम्ही वाचावयास बसलो, ध्वनिमुद्रिका ऐकू लागलो, आणि पुढे त्याच्याच गिटारीवर दोन-चार सूर काढण्यापर्यंत आमची मजल गेली. त्यातून जे हाती लागले ते आज सांगावयाचे आहे. ते थोडक्यात असे: या वाद्याचे बहुतेक तंत्र कोणत्या ना कोणत्या अडचणीतून निघाले आहे. ती अडचण समजली की तंत्र हाताला लवकर वळते.

प्रथम हे वाद्य बोलते कसे ते पाहू. मायकेल फॅरेडे हा इंग्लंडातील लोहाराचा मुलगा. चौदाव्या वर्षी तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार म्हणून लागला आणि बांधावयास आलेली पुस्तके वाचून शहाणा झाला. तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलविला तर तारेत वीज उत्पन्न होते, हे त्याने १८३१ साली दाखविले. विजेच्या गिटारीत तारांच्या खाली लोहचुंबक बसविलेले असतात आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. याला पिकअप म्हणतात. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र तितक्याच वेगाने कमीजास्त होते आणि वेटोळ्यात तशीच वीज खेळू लागते. जाड बाजूने दुसरी तार सेकंदाला ११० वेळा कंप पावते, म्हणून वीजही ११० वेळा. अ‍ॅम्प्लिफायर ती वीज वाढवितो आणि लाउडस्पीकर तिचा पुन्हा आवाज करतो. नायलॉनची तार लावली तर हा पिकअप मुका राहील, कारण तिला चुंबकाची ओळख नाही.

यातून शिकणाराला पहिला धडा मिळतो. आवाज मोठा करण्याचे कष्ट यंत्राने घेतले, तेव्हा हाताने जोर करण्याचे कारण उरले नाही. तार दाबावयाची ती धातूच्या पडद्याच्या अगदी मागे, आणि आवाज स्वच्छ निघेल इतकीच. परंतु ज्या यंत्राने सूर मोठा केला, त्यानेच चूकही मोठी केली. न छेडलेली तार नुसती हलली तरी ती ऐकू येते. म्हणून उजव्या तळव्याची कड घोडीजवळ तारांवर टेकवून आणि डाव्या तर्जनीचे टोक शेजारच्या तारेला लावून बाकीच्या तारा दाबून धरावयाच्या असतात. एक तार बोलती करणे हे निम्मे काम, आणि पाच तारा गप्प ठेवणे हे उरलेले निम्मे. ज्याने सभा चालविल्या आहेत त्याला हे वेगळे सांगावयास नको.

आता अडचणींकडे वळू. पहिली अडचण ऐकू न जाण्याची. पितळी वाद्यांच्या ताफ्यात साधी गिटार बुडून जाई. तिने ताल धरावा एवढेच तिचे काम. १९३२ च्या सुमारास रिकनबॅकर कंपनीची विजेची गिटार बाजारात आली. ती मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याची हवाईयन तऱ्हेची होती. त्या तऱ्हेच्या गिटारीवर वाजविलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्या येथील वडीलधाऱ्यांस आठवत असतील. १९३६ साली गिब्सन कंपनीने उभ्याने धरावयाची विजेची गिटार काढली. ती घेऊन चार्ली ख्रिश्चन हा तरुण १९३९ साली बेनी गुडमनच्या ताफ्यात दाखल झाला आणि सॅक्सोफोनने वाजवावी तशी एकेका सुराची चाल त्याने गिटारीवर वाजविली. १९४२ साली, अवघ्या पंचविसाव्या वर्षी तो वारला. पण गिटारीला तालाच्या रांगेतून पुढे आणून बसविण्यात त्याचा वाटा फार मोठा होता. शिकणाराने त्याच्यापासून एवढे घ्यावे की चाल आधी गळ्याने म्हणावी, मग तारेवर शोधावी. गळ्यात नसलेली चाल बोटांत येत नाही.

दुसरे उदाहरण शिकागोचे. आठ तासांच्या दिवसासाठी १८८६ च्या मे महिन्यात जेथे मोठा संप झाला, तेच हे शहर. मिसिसिपीतील कापसाच्या मळ्यावर राबणारा मॅकिन्ली मॉर्गनफील्ड, म्हणजेच मडी वॉटर्स, १९४३ साली तेथे आला. दिवसा कागदाच्या कारखान्यात काम आणि रात्री गुत्त्यांतून गाणे. गुत्त्यातल्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्याने विजेची धरली. मळ्यावरचे ब्लूज गाणे शहरात आले ते असे. बोटात नळी घालून ती तारेवरून सरकविण्याची मळ्यावरची रीतही त्याच्याबरोबर आली.

या गाण्याचा सांगाडा समजून घेण्यासारखा आहे, कारण तो एक आला की शेकडो गाण्यांची वाट मोकळी होते. चार मात्रांचा एक विभाग, असे बारा विभाग, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे आवर्तन. पहिले चार विभाग सा वर उभारलेला स्वरमेळ वाजवावयाचा. पुढचे दोन म चा आणि दोन पुन्हा सा चा. नंतर एक प चा, एक म चा आणि शेवटचे दोन सा चे. गाणारा सहसा पहिल्या चार विभागांत एक ओळ म्हणतो, दुसऱ्या चारांत तीच पुन्हा म्हणतो आणि शेवटच्या चारांत तिला उत्तर देतो. त्यावर वाजवावयाचे पाच सूर सा, कोमल ग, म, प आणि कोमल नि. हे आपल्या धानी रागाचेच सूर. फरक इतकाच की ब्लूज गाणारा ग ला कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कोठेतरी ठेवतो, आणि तेथेच त्या गाण्याचे दुःख असते.

हा मधला ग पडद्यावर सापडत नाही. तो तार आडवी खेचून काढावा लागतो. सतारीवरची मींड ज्यांनी ऐकली आहे त्यांना ही क्रिया ओळखीची वाटेल. येथे नवशिक्याची चूक ही की तो एकाच बोटाने ओढतो आणि बोट दुखवून घेतो. तीन बोटे एकामागे एक तारेवर ठेवावी आणि मनगट वळवावे. बोटांनी फक्त धरावयाचे असते. ज्या सुरापर्यंत जावयाचे तो आधी त्याच्या पडद्यावर वाजवून कानात भरावा, मग तार खेचून तेथे पोहोचावे. बी. बी. किंग याच्या नात्यातला बुका व्हाइट नळीने वाजवीत असे. किंगला ती नळी काही साधेना. तसा आवाज आणण्याच्या धडपडीत त्याने डावे बोट तारेवर झुलवून सूर थरथरता ठेवण्याची आपली रीत बसविली, आणि पुढे तीच त्याची ओळख झाली. जे जमत नाही त्याच्या शेजारीच कधी कधी आपले काम सापडते.

चक बेरी हा सेंट लुईसचा. तरुणपणी मोटारीच्या कारखान्यात त्याने काम केलेले. त्याच्या जोडीला जॉनी जॉन्सन हा पियानोवादक होता. पियानोवर डावा हात खर्जात जी पुनःपुन्हा घोळणारी चाल वाजवितो, ती बेरीने गिटारीच्या जाड तारांवर आणली: सा आणि प एकत्र, मग सा आणि ध एकत्र, पुन्हा सा-प, असे सारखे. रॉक अँड रोलच्या कितीतरी गाण्यांचे जोते हेच आहे. त्याचे 'जॉनी बी. गुड' हे १९५८ चे गाणे १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठविलेल्या तबकडीतही घातले आहे. या चालीत प ला तर्जनी आणि ध ला अनामिका लागते. आमच्या तरुणाचे घोडे अडले ते नेमके येथेच.

त्याच्यासाठी आम्ही शोधली ती गोष्ट इंग्लंडातील बर्मिंगहॅमची. १९६५ साली टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. त्याचे काम वेल्डिंगचे. कारखान्यातला त्याचा तो शेवटचा दिवस, कारण वादनाच्या दौऱ्यावर जाण्यासाठी त्याने काम सोडले होते. त्या दिवशी प्रेसवरचा माणूस आला नाही, म्हणून याला तेथे उभे केले, आणि उजव्या हाताच्या मध्यमा व अनामिका यांची टोके गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबावयाचा हात तोच. हाड वाचले असे धरले तर आमच्या कोष्टकाने मध्यमेचे ४ आणि अनामिकेचे २, एकूण ६ टक्के. त्याच्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका आणून ऐकविली. जँगो हा फ्रान्समधील जिप्सी वादक. १९२८ साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागून डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली, तरी उरलेल्या दोन बोटांनी त्याने चाली वाजविल्या.

आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली आणि त्यांवर चामडे चिकटविले. जाड तारा टोपणाखाली दबेनात, म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या. पुढे तारा सैल करून साऱ्या गिटारीचा स्वर उतरविला. १९७१ पर्यंत तो तीन पडदे खाली आला होता. ब्लॅक सॅबथ या त्याच्या ताफ्याचा जड, काळोखा आवाज ज्याला जग हेवी मेटल म्हणते, त्यात या सैल तारांचा मोठा भाग आहे.

या शैलीत आवाज मुद्दाम फाटका ठेवतात. अ‍ॅम्प्लिफायरला पेलवेल त्याहून जास्त वीज दिली की लाटांचे माथे कापले जातात आणि सुरात नवे सूर मिसळतात. या फाटक्या आवाजात तीन-चार सुरांचा स्वरमेळ गढूळ होतो. म्हणून वादक फक्त सा आणि प वाजवितात. त्यांच्या कंपनांचे प्रमाण दोनास तीन इतके सोपे असल्याने ती जोडी स्वच्छ उरते. तिला पॉवर कॉर्ड म्हणतात. ती धरावयास दोन बोटे पुरतात.

अभ्यासाविषयी आमचा अनुभव असा. रोज अर्धा तास बसावे; आठवड्यातून एकदा चार तास बसण्याचा उपयोग नाही. एका वेळी एकच गाणे घ्यावे. तालयंत्र इतके संथ लावावे की चूक होणे कठीण जाईल, आणि चूक न करता पाच वेळा वाजल्यावरच गती वाढवावी. चाळीत राहणाराने कानाला हेडफोन लावावा. शेजारधर्मही राहतो आणि आपली चूकही स्पष्ट ऐकू येते. एक गोष्ट मात्र चळवळीतला माणूस म्हणून बजावून सांगतो. अ‍ॅम्प्लिफायरला अर्थिंग हवेच. तीन पिनांच्या प्लगची एक पिन मोडून काम भागवू नये. १९७२ साली वेल्समधील स्वॉन्सी येथे लेस हार्वे हा गिटारवादक अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनचा धक्का बसून रंगमंचावरच गेला.

आमच्या तरुणाने बारीक तारा लावल्या, बोटाला चामड्याचे टोपण केले, ते आवडले नाही म्हणून टाकून दिले आणि अनामिकेचे काम करंगळीला शिकविले. त्याला आठ महिने लागले. बेरीची चाल तो आता वाजवितो; ध जरा उशिरा येतो, पण येतो. अर्जाचा निकालही लागला आणि दोन टक्क्यांचे पैसे मिळाले.

१० जून १८९० रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्या सुट्टीचे कामगाराने काय करावे, असा प्रश्न आजही काही मंडळी विचारतात. आम्ही त्यांना त्या तरुणाच्या खोलीवर रविवारी सकाळी येण्याचे आमंत्रण देतो. आणि श्रोत्यांपैकी कोणाच्या घरी मुलाने किंवा मुलीने हे वाद्य मागितले असेल, तर गोंगाट होईल या भीतीने नाही म्हणू नये. हेडफोन आणून द्यावा, अर्थिंग तपासून घ्यावे, आणि पहिले सहा महिने काही विचारू नये.