संवादातील नावे

नाटकाचे पुस्तक उघडले म्हणजे प्रत्येक पानाच्या डाव्या बाजूस पात्रांची नावे छापलेली दिसतात. प्रेक्षकांच्या हाती मात्र ते पुस्तक नसते. पडदा वर जातो, चार माणसे समोर उभी राहतात. त्यांतील राजा कोणता आणि सेनापती कोणता, हे शेवटच्या रांगेतील मुलास कसे कळावे? ते काम संवादांनाच करावे लागते.

जुने नाटककार याविषयी फार दक्ष असत. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त सूत्रधार म्हणतो, की नटीच्या गाण्याने आपण ओढले गेलो, जसा हा दुष्यंत राजा हरिणामागे ओढला गेला, आणि तोच धनुष्यबाण घेतलेला दुष्यंत रथातून प्रवेश करतो! १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केले, तेव्हाही सूत्रधारच पदे गाऊन पात्रांची ओळख करून देई. तमाशाच्या वगातील युक्ती तर याहून सोपी. एकाने ‘प्रधानजी’ अशी हाक मारावी, दुसऱ्याने ‘जी महाराज’ म्हणावे, की दोघेही ओळखू आले.

आता अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, भुईकोट किल्ल्यावर एक नाट्यप्रवेश लिहावयाचा आहे असे समजा. १५९५ च्या अखेरीस अकबराचा पुत्र मुराद याने या किल्ल्यास वेढा घातला. हुसेन निजामशहाची कन्या चांदबीबी किल्ला लढवीत होती. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. त्यांतील काही आतल्या लोकांनी शोधून निकामी केले. परंतु एक उडाला आणि तटास मोठे खिंडार पडले. चांदबीबी हाती तलवार घेऊन त्या खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा बांधून काढण्यात आला.

नवशिका लेखक येथे तिच्या तोंडी घालील, “मी हुसेन निजामशहाची कन्या चांदबीबी आहे!” पण सुरुंग उडाल्यावर आपल्याच शिपायांना असे कोण सांगत बसेल? दुसरा लेखक प्रत्येक वाक्यात नाव घालील. मग तो संवाद न वाटता शाळेतील हजेरी वाटू लागेल. एखादा शिपाई धापा टाकीत आला आणि म्हणाला, “बीबीसाहेबा, तट ढासळला!” एवढ्याने काम भागते. नाव हाकेत यावे, आणि ती हाक मारण्यास तसेच कारण असावे.

एकाच व्यक्तीस सर्वांनी एकाच नावाने हाक मारू नये, हेही ध्यानात ठेवावे. सरदार तिला ‘बीबीसाहेबा’ म्हणतील. लहानपणी अंगाखांद्यावर खेळविणारी एखादी वृद्ध दाई आपण कल्पिली, तर ती ‘बेटी’ म्हणेल. शत्रूच्या छावणीत नुसते ‘चांदबीबी’ म्हणतील. कोणाच्या मनात आदर आहे, कोणाच्या मनात माया आहे आणि कोणाच्या मनात वैर, हे निराळे सांगण्याची गरजच उरत नाही.

या प्रसंगी तर इतिहासानेच लेखकास साहाय्य केले आहे. खिंडारातील तिचा पराक्रम पाहून लोक तिला चांदबीबी न म्हणता ‘चांद सुलताना’ म्हणू लागले, असे सांगतात. तेव्हा पहाटे तट बांधून झाल्यावर तोच शिपाई पुन्हा आत यावा, आणि या वेळी त्याने म्हणावे, “सुलताना, काम पुरे झाले.”