'सो-कॉल्ड' आणि 'तथाकथित'



दोन शब्द जोडून बनलेल्या इंग्रजी विशेषणांत 'सो-कॉल्ड' हें जितकें नेहमींचें तितकेंच फसवें आहे. 'सो' म्हणजे असें व 'कॉल्ड' म्हणजे म्हटलेलें; म्हणून आपण त्याला 'तथाकथित' हा प्रतिशब्द योजतों. परंतु मूळ विशेषणाचे अर्थ दोन आहेत, आणि आपल्या प्रतिशब्दांतून वाचकाला बहुधा एकच पोंचतो.

पहिला अर्थ निव्वळ ओळख करून देणारा. दक्षिण गोलार्धांत 40 ते 50 अक्षांशांच्या दरम्यान जोरदार पश्चिमी वारे वाहतात. खलाशांनीं त्यांना 'गरजणारे चाळीस' असें नांव दिलें. इंग्रज भूगोलकार या नांवापूर्वीं 'सो-कॉल्ड' लावतो, तें हें नांव रूढ आहे एवढेंच सांगण्यासाठीं. तेथें आपण 'तथाकथित' लिहिलें, तर ते वारे गरजतच नाहींत कीं काय, अशी शंका यावयाची! 'या नांवानें ओळखले जाणारे' असेंच तेथें म्हटलें पाहिजे.

दुसरा अर्थ डंखाचा आहे. 'संकट येतांच त्याचे सो-कॉल्ड मित्र पांगले' या वाक्यांत, ते खरे मित्र नव्हतेच, असा लेखकाचा निर्वाळा आहे. येथें 'तथाकथित' शोभतें. 'मित्र म्हणविणारे' हें त्याहूनही घरगुती.

मग अर्थ ओळखावा कसा? पुढील नाम शास्त्रीय संज्ञा असेल, तर बहुधा ओळख; मित्र, तज्ज्ञ, सुधारणा असें गौरवाचें असेल, तर बहुधा डंख. संयोगचिन्हाकडेही लक्ष द्यावें. नामापूर्वीं तें असतें. क्रियापदानंतर दोन्ही शब्द सुटे येतात व डंख उरत नाहीं. रॉबिन पक्ष्याची छाती तांबूस, म्हणून तो 'रेडब्रेस्ट' 'सो कॉल्ड', म्हणजे त्या नांवाचा, इतकेंच.

खरी कसोटी राजकीय लेखनांत लागते. 1907 सालीं सुरतेस राष्ट्रसभा दुभंगली. त्या काळाविषयीं एखाद्या इंग्रजी ग्रंथांत 'सो-कॉल्ड मॉडरेट्स' असें आढळलें, तर लेखक 'मवाळ म्हणून ओळखला जाणारा पक्ष' असें म्हणतो, कीं 'मवाळ म्हणविणारे' असा टोमणा मारतो, हें मागचापुढचा मजकूर वाचल्यावांचून ठरत नाहीं. तो न वाचतां 'तथाकथित मवाळ' लिहिणारा भाषांतरकार, लेखकानें न दिलेला निकाल त्याच्या तोंडीं घालतो, आणि वाचक तो खरा मानतो. हा अन्याय लहान नव्हे.

म्हणून 'तथाकथित' लिहिण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारावा: लेखक येथें नांव सांगतो आहे, कीं नांव नाकारतो आहे? नाकारीत असेल, तरच तो शब्द लिहावा.