टाकी क्रमांक ६१०

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात रासायनिक अभिक्रियेच्या दरावर परिणाम करणारे पाच घटक दिलेले असतात: अभिक्रियाकारकांचे स्वरूप, कणांचा आकार, संहती, तापमान आणि उत्प्रेरक. मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात. ते विसरले की काय घडू शकते, हे आपल्या देशाने २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये पाहिले.

युनियन कार्बाइडच्या कारखान्यातल्या ६१० क्रमांकाच्या टाकीत त्या रात्री सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट होते. सेव्हिन हे कीटकनाशक बनवताना मधल्या टप्प्यावर तयार होणारा हा द्रव ३९ अंश सेल्सिअसला उकळतो. त्या टाकीत पाणी शिरले. ते कसे शिरले, यावर कंपनी आणि तपास करणारे यांच्यात पुढे मोठा वाद झाला. शिरले, याबद्दल मात्र दुमत नाही.

पाणी आणि मिथिल आयसोसायनेट यांची अभिक्रिया सुरुवातीला संथ चालते. दोन रेणू नुसते एकमेकांवर आदळून भागत नाही, त्या टकरीत पुरेशी ऊर्जा असावी लागते. थंड द्रवात एवढी ऊर्जा असलेले रेणू फार थोडे असतात. तापमान थोडे वाढले, तरी अशा रेणूंची संख्या झपाट्याने वाढते. स्वीडनचे स्वांटे अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये हे गणिताने मांडले. १० अंश तापमान वाढले की अनेक अभिक्रियांचा दर साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ हिशेब त्याच नियमातून येतो. फ्रिजमधले दूध टिकते आणि ओट्यावरचे नासते, त्यामागेही तापमानाचा हाच परिणाम आहे.

म्हणूनच हा द्रव शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवायचा होता. पण टाक्या थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासून बंद होती आणि द्रवाचे तापमान १५ ते २० अंशांवर आलेले होते. म्हणजे पाणी शिरण्याआधीच अभिक्रियेचा संभाव्य दर कितीतरी पटींनी वाढवून ठेवलेला होता. माझ्या मते त्या रात्रीच्या सगळ्या चुकांमध्ये ही सर्वांत गंभीर. इतर चुकांमुळे आपत्ती अडवता आली नाही; या चुकीने ती अडवायला लागणारा वेळच हिरावून घेतला.

पुढचा भाग शालेय पुस्तकात नसतो, आणि तो समजल्याशिवाय भोपाळ समजत नाही. ही अभिक्रिया उष्णता बाहेर टाकते. त्या उष्णतेने द्रव तापतो, तापला की दर वाढतो, दर वाढला की आणखी उष्णता. सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय सेम्योनोव्ह यांनी १९२० च्या दशकात या चक्राचे गणित सोडवले. पुढे १९५६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अभिक्रियेतून निर्माण होणारी उष्णता तापमानाबरोबर पटींनी वाढत जाते. भिंतीतून बाहेर जाणारी उष्णता मात्र आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्याच प्रमाणात वाढते. एका मर्यादेपुढे बाहेर जाणारी उष्णता मागे पडते आणि तिथून अभिक्रिया स्वतःच स्वतःला पळवू लागते. शिवाय भांडे जितके मोठे, तितका आतल्या द्रवाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग कमी. परीक्षानळीत शांतपणे होणारी अभिक्रिया ४० टनांच्या टाकीत तशीच होईल, असे धरून चालता येत नाही. ही टाकी तर जमिनीत अर्धवट पुरलेली होती आणि तिच्यावर काँक्रीट होते.

दाबाचे आकडे पाहा. रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी टाकीतला दाब दर चौरस इंचाला सुमारे २ पौंड होता. अकराला १०. सव्वाबारानंतर ३०. त्यानंतर काही मिनिटांत काटा ५५ च्या, म्हणजे मोजपट्टीच्या टोकाला गेला. पहिले दोन तास कारखान्यातल्या कोणालाही हे गंभीर वाटले नाही, आणि वाटले तेव्हा उपाय करायला वेळ उरला नव्हता.

त्यात उत्प्रेरकाची भर पडली. टाकीत क्लोरोफॉर्मचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेपेक्षा खूप जास्त होते. तापमान वाढल्यावर त्यापासून आम्ल तयार झाले, आम्लाने टाकीचे पोलाद खाल्ले आणि लोह द्रवात उतरले. लोहामुळे मिथिल आयसोसायनेटचे रेणू तीन-तीन करून आपापसांत जोडले जाऊ लागले, आणि ती अभिक्रियाही प्रचंड उष्णता देते. तापमान २०० अंशांच्या वर गेले आणि द्रवाचा वायू होऊन तो टाकीबाहेर सुटला. वायू धुऊन निकामी करणारी यंत्रणा आणि वायू जाळणारा मनोरा, दोन्ही त्या वेळी कामाला आले नाहीत. आले असते तरी इतक्या वेगाने सुटणारा वायू पेलण्याची त्यांची क्षमता नव्हती.

तत्काळ मृत्यूंचा सरकारी आकडा २,२५९ होता. प्रत्यक्षातले बळी याहून कितीतरी जास्त, आणि वायूची बाधा झालेल्यांची संख्या पाच लाखांच्या वर.

सेव्हिन बनवण्यासाठी मिथिल आयसोसायनेट लागतेच असेही नाही. तीच रसायने वेगळ्या क्रमाने जोडली तर हा द्रव तयारच होत नाही. आणि तयार करायचाच, तर लागेल तेवढा करून लगेच वापरता येतो. टनावारी साठवण्याचा निर्णय माणसांनी घेतला होता.

भोपाळनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याखाली १९८९ मध्ये घातक रसायनांच्या साठवणुकीचे नियम झाले. ठरावीक प्रमाणाहून जास्त घातक रसायने बाळगणाऱ्या कारखान्याने धोक्याचे स्वरूप आणि अपघातात काय करावे, काय करू नये, याची माहिती आसपासच्या लोकांना दिली पाहिजे, असे हे नियम सांगतात. डोंबिवली, तारापूर, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ इथल्या औद्योगिक वसाहतींच्या शेजारी राहणाऱ्या वाचकांनी ही माहिती मागावी. कोणते रसायन किती साठवले आहे, ते किती तापमानाला ठेवायचे असते आणि थंड ठेवणारी यंत्रणा आज चालू आहे का, एवढे तीन प्रश्न आपल्या ग्रामसभेत किंवा सोसायटीच्या बैठकीत मांडा आणि उत्तर लेखी घ्या.