विद्यापीठ, वस्ती आणि नागरी सहभाग : गोवंडीतील टाटा समाजविज्ञान संस्थेच्या क्षेत्रकार्याचा एक अभ्यास

प्रस्तावना :
अध्यापन, संशोधन व विस्तारकार्य ही उच्च शिक्षणाची तीन अंगे मानली जातात. १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाल्यानंतर विस्तारकार्याला महाविद्यालयीन पातळीवर निश्चित स्वरूप प्राप्त झाले. तथापि श्रमदान आणि वार्षिक शिबिर यांपुढे जाऊन विद्यापीठ नागरी जीवनाशी कसे जोडले जाते, हे समजून घेण्यासाठी गोवंडी-देवनार येथील टाटा समाजविज्ञान संस्थेचे उदाहरण उपयुक्त ठरते.

संस्थेची पार्श्वभूमी :
१९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य पदव्युत्तर विद्यालय या नावाने संस्थेची स्थापना झाली. तिचा आरंभ नागपाड्यासारख्या कामगारवस्तीत झाला व क्लिफर्ड मॅनशार्ट हे पहिले संचालक होते. १९५४ मध्ये संस्था देवनारला आली आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

क्षेत्रीय कृतिप्रकल्पांची कार्यपद्धती :
समाजकार्याच्या विद्यार्थ्यास वर्गातील अध्ययनाबरोबरच प्रत्यक्ष क्षेत्रकार्य करावे लागते. त्यातून लक्षात आलेल्या प्रश्नावर संस्था छोट्या प्रमाणावर प्रयोग करते. तो यशस्वी झाल्यास शासनाने तो स्वीकारावा, असा प्रयत्न होतो. १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या सहकार्याने सुरू झालेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष हे याचे ठळक उदाहरण होय. कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीला पोलीस यंत्रणेतच प्रशिक्षित समाजकार्यकर्त्याचे साहाय्य मिळावे, ही त्यामागील कल्पना होती. पुढे महाराष्ट्र शासनाने ही योजना राज्यभर नेली. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली १०९८ ही बालकांसाठीची दूरध्वनी सेवाही याच परंपरेतील असून ती पुढे देशव्यापी झाली.

एम-पूर्व प्रभागातील प्रयोग :
संस्थेच्या कुंपणापलीकडील वास्तव वेगळे आहे. १९२७ पासूनची देवनारची कचराभूमी, १९७६ मध्ये जनता कॉलनी हटवून वसविलेला चिता कॅम्प, शिवाजीनगर, बैंगनवाडी अशा वस्त्या याच प्रभागात येतात. २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात हा प्रभाग २४ प्रभागांत सर्वांत खालच्या स्थानी होता; त्याचा निर्देशांक केवळ ०.०५ इतका होता. या पार्श्वभूमीवर अमृतमहोत्सवी वर्षात, २०११ मध्ये, संस्थेने एम-पूर्व प्रभागाच्या परिवर्तनाचा प्रकल्प हाती घेतला. वस्त्यांचे सर्वेक्षण, रहिवाशांशी चर्चा आणि महानगरपालिकेशी समन्वय ही त्याची प्रमुख अंगे होती. पाणी, शाळा, आरोग्य यांविषयीची नोंदलेली माहिती हाती असल्यास रहिवाशांची मागणी विनंतीपुरती न राहता हक्काच्या भाषेत मांडता येते, हे अशा सर्वेक्षणाचे महत्त्व होय.

मर्यादा :
विद्यार्थी दोन वर्षांनी पदवी घेऊन जातो, रहिवासी मात्र तेथेच राहतो. तसेच प्रकल्पांचा खर्च बहुधा बाह्य अनुदानावर अवलंबून असल्याने अनुदान संपताच काम खंडित होण्याचा धोका संभवतो. वस्ती ही केवळ विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणाची जागा ठरल्यास सेवेचा लाभ कोणाला, हा प्रश्न उपस्थित होतो.

निष्कर्ष :
विद्यापीठाच्या सेवाकार्याचे यश विद्यार्थ्यांच्या सहभागाच्या तासांवरून मोजता येत नाही. विशेष कक्षाप्रमाणे प्रयोगाचे सार्वजनिक व्यवस्थेत रूपांतर होणे आणि संकलित माहिती रहिवाशांच्या हाती येऊन त्यांनी स्वतः प्रशासनाशी संवाद साधणे, हेच त्याचे खरे निकष होत. गोवंडीसारख्या परिसरातील महाविद्यालयांनीही आपल्या विस्तारकार्याचा या दृष्टीने पुनर्विचार करणे अगत्याचे आहे.