सिंदेवाहीत पडलेली रिंग अन् अंतराळयानाच्या काचेला गेलेला तडा : आकाशातल्या भंगाराची गोष्ट

वर्धा : २ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याचा दिवस. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भात अनेक ठिकाणी लोकांना आकाशातून आगीच्या गोळ्यांची रांग जाताना दिसली. कोणी म्हणालं उल्का, कोणी म्हणालं विमान पेटलं. युक्रेनचं युद्ध तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं, त्यामुळे क्षेपणास्त्राचीही चर्चा झाली. काही मिनिटांत सगळे व्हॉट्सअॅप ग्रुप व्हिडिओंनी भरून गेले.

त्याच रात्री शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातून बातमी आली. सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात धातूची एक मोठी रिंग येऊन पडली होती. व्यास सुमारे तीन मीटर, म्हणजे जवळपास दहा फूट. त्याच तालुक्यात पवनपार परिसरात धातूचा एक पोकळ गोळाही सापडला. सुदैवाने कोणाला लागलं नाही. पोलिसांनी वस्तू ताब्यात घेतल्या, पुढे इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन पाहणी केली. अंतराळातील वस्तूंचा माग ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते हे चीनच्या ‘चँग झेंग ३बी’ रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे अवशेष होते. ते रॉकेट उडालं होतं फेब्रुवारी २०२१ मध्ये. म्हणजे काम संपल्यावर तो रिकामा टप्पा वर्षभराहून जास्त काळ पृथ्वीभोवती बेवारस फिरत होता.

समुद्रपूर तालुक्याची हद्द संपली की चंद्रपूर जिल्हा सुरू होतो. त्यामुळे ‘आपल्या डोक्यावर पडलं असतं तर?’ हा प्रश्न वर्धा जिल्ह्यातही पडणं साहजिक होतं. पण जमिनीवरच्या माणसाला असा तुकडा लागण्याची शक्यता फारच कमी असते. पृथ्वीचा बहुतेक भाग समुद्राने व्यापलेला आहे, अन् पडणाऱ्या वस्तूचा बराच भाग हवेतच जळून जातो. खरा धोका आहे तो वर, यानात बसलेल्या माणसांना. तिथे तर दहा फुटी रिंगेची गरजही नाही. ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान कण पुरतो.

काचेला तडा, परतीची गाडी रद्द

नोव्हेंबर २०२५ मध्ये हेच घडलं. चीनच्या अंतराळ स्थानकावर तीन अंतराळवीर सहा महिन्यांची मुदत संपवून ५ नोव्हेंबरला घरी निघणार होते. नवी टीम पोहोचली होती, कामाचा ताबाही देऊन झाला होता. तेवढ्यात त्यांच्या ‘शेनझोऊ-२०’ यानाच्या खिडकीच्या काचेला बारीक तडा दिसला. कक्षेतल्या कचऱ्याचा सूक्ष्म कण आदळला असावा, असा निष्कर्ष निघाला. परतताना यान हवेत शिरतं तेव्हा बाहेरून प्रचंड तापतं. अशा वेळी तडा गेलेल्या काचेवर तीन जीव कसे सोपवायचे? परतीचा प्रवास रद्द झाला.

मग मार्ग काढला तो असा. जुनी टीम नव्या टीमच्या ‘शेनझोऊ-२१’ मध्ये बसून १४ नोव्हेंबरला सुखरूप खाली आली. पण आता वर राहिलेल्या तिघांकडे भरवशाची गाडीच उरली नाही. स्थानकाला आग लागली असती, हवा गळू लागली असती, तर ते उतरणार कशात? २५ नोव्हेंबरला चीनने ‘शेनझोऊ-२२’ रिकामंच वर पाठवलं. म्हणजे अकरा दिवस ती तीन माणसं विश्वासाच्या परतीच्या यानाविना होती. एका कणापायी.

वर्धा ते नागपूर दहा सेकंदांत

एवढा बारीक कण इतकं नुकसान कसं करतो, याचं उत्तर वेगात आहे. चारशे किलोमीटर उंचीवर पृथ्वीभोवती फिरायचं तर ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेग लागतो. त्या वेगाने वर्ध्याहून नागपूरला जायला दहा सेकंद पुरे. यान या वेगाने जात असतं अन् कचराही. दोघं आडवे आले की टक्कर सरासरी सेकंदाला दहा किलोमीटर वेगाने होते. बंदुकीची गोळी त्यापुढे कितीतरी मंद.

बोराच्या बीएवढा, म्हणजे एक सेंटिमीटरचा अॅल्युमिनियमचा तुकडा धरा. वजन दीड ग्रॅमसुद्धा नाही. पण त्या वेगाने तो आदळला तर दणका बसतो एखाद्या छोट्या कारने चाळीस-पंचेचाळीसच्या वेगात धडक दिल्याएवढा, तोही सगळा एका बोटाएवढ्या जागेत. १९८३ मध्ये अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’ यानाच्या काचेला खड्डा पडला होता. तपास केला तर निघाला रंगाचा पोपडा! कुठल्या तरी जुन्या उपग्रहाचा किंवा रॉकेटचा सुटलेला रंग. काच बदलावी लागली.

दिसतं ते चुकवायचं, बारीक ते सोसायचं, मधल्याचं काय?

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाने यावर दोन उपाय ठेवले आहेत.

लिंबापेक्षा मोठे, साधारण दहा सेंटिमीटरच्या वरचे तुकडे जमिनीवरच्या रडारला दिसतात. त्यांची नोंद असते, वाट माहीत असते. स्थानकाभोवती सुमारे ५० किलोमीटर लांब-रुंद अन् ४ किलोमीटर जाड अशी एक काल्पनिक चौकट मानलेली आहे. त्यात काही शिरणार असं दिसलं की गणित मांडतात. टकरीची शक्यता दहा हजारांत एकपेक्षा जास्त निघाली तर इंजिन चालवून अख्खं स्थानक थोडं सरकवतात. १९९९ पासून हे सुमारे ४० वेळा करावं लागलं.

एक सेंटिमीटरच्या आतले तुकडे दिसत नाहीत, पण ते सोसता येतात. त्यासाठी स्थानकाच्या महत्त्वाच्या भागांना दुहेरी भिंत आहे. बाहेर पातळ पत्रा, मग मोकळी जागा, मध्ये केव्हलारसारख्या चिवट कापडाचे थर, अन् आत मूळ भिंत. तुकडा पत्र्यावर आदळतो तेव्हा ढेकळासारखा फुटतो, त्याचा भुगा होतो अन् तो भुगा मधल्या जागेत पसरतो. आतल्या भिंतीवर एकाच जागी मार बसत नाही. जाड भिंत बांधण्यापेक्षा ही युक्ती हलकी अन् सरस. मात्र असं चिलखत सगळीकडे घालता येत नाही. खिडक्या, पाइप, उष्णता बाहेर टाकणारे पंखे उघडेच राहतात. परतीच्या यानाचंही थोडंफार तसंच.

आता राहिले एक ते दहा सेंटिमीटरचे तुकडे. चुकवायला फार लहान, सोसायला फार मोठे. युरोपीय अंतराळ संस्थेच्या अंदाजानुसार अशा तुकड्यांची संख्या सुमारे १२ लाख आहे. दहा सेंटिमीटरच्या वरच्या वस्तू, चालू उपग्रह धरून, ५० हजारांवर. अन् एक मिलिमीटर ते एक सेंटिमीटरचे कण १३ कोटींच्या पुढे. या मधल्या १२ लाखांवर आज कोणाकडेच पक्का इलाज नाही. आकाश अफाट मोठं आहे, म्हणून बहुतेक वेळा निभावतं, एवढंच.

अन् कधी कधी गणित करायलाही वेळ मिळत नाही. १५ नोव्हेंबर २०२१ ला रशियाने क्षेपणास्त्राने स्वतःचाच जुना ‘कॉसमॉस १४०८’ उपग्रह फोडला. रडारला दिसतील असे दीड हजारांवर तुकडे झाले. स्थानकावरच्या सातही जणांना आपापल्या परतीच्या यानात शिरून दारं लावून बसावं लागलं. त्यात भारतीय वंशाचे राजा चारी होते अन् दोन रशियन अंतराळवीरही होते. आपल्याच देशाने केलेल्या कचऱ्यापासून त्यांना लपावं लागलं. जून २०२४ मध्ये ‘रिसर्स-पी१’ हा रशियाचाच बंद पडलेला उपग्रह फुटला, तेव्हा सुनीता विल्यम्स वर होत्या. त्यांनाही सहकाऱ्यांसह सुमारे तासभर यानात जाऊन थांबावं लागलं.

उंची ठरवते मुक्काम

वर टाकलेली वस्तू कधी खाली येईल, हे उंचीवर ठरतं. तीनशे किलोमीटरच्या आसपास हवा अगदी विरळ असली तरी असते. ती घासत राहते, वेग खाते, अन् वस्तू काही आठवड्यांत किंवा महिन्यांत खाली येते. आठशे किलोमीटरवर मात्र मुक्काम शेकडो वर्षांचा. चीनने जानेवारी २००७ मध्ये आपला ‘फेंगयुन-१सी’ उपग्रह साडेआठशे किलोमीटरच्या वर फोडला. त्याचे तीन हजारांवर तुकडे नोंदले गेले, अन् त्यातले पुष्कळ अजून फिरत आहेत.

आपणही काही धुतल्या तांदळासारखे नाही. २७ मार्च २०१९ ला ‘मिशन शक्ती’त भारतानेही स्वतःचा उपग्रह पाडला. उंची मुद्दाम कमी, सुमारे २८३ किलोमीटर ठेवली होती, त्यामुळे बहुतेक तुकडे काही महिन्यांत जळून गेले. तरी काही उसळून अंतराळ स्थानकाच्या कक्षेच्याही वर गेले होते. त्याआधी डिसेंबर २००१ मध्ये पीएसएलव्ही रॉकेटचा रिकामा चौथा टप्पा वर फुटला होता, त्याचेही तीनशेहून जास्त तुकडे झाले. तेव्हापासून काम झालेल्या टप्प्यातलं उरलंसुरलं इंधन काढून टाकण्याकडे इस्रो लक्ष देते, कारण टाकीत राहिलेलं इंधनच स्फोटाचं मोठं कारण असतं.

इस्रोने बंगळुरूमध्ये २०२२ साली अशा वस्तूंवर लक्ष ठेवणारं खास केंद्र सुरू केलं. २०३० पासून आपल्या मोहिमांनी कचरा मागे सोडायचा नाही, असं ध्येयही जाहीर केलं आहे. उड्डाणाआधी रॉकेटची वाट तपासली जाते. १४ जुलै २०२३ चं चंद्रयान-३ अनेकांनी टीव्हीवर पाहिलं असेल. ते उड्डाण ठरल्या वेळेपेक्षा चार सेकंद उशिरा झालं, कारण वाटेत टकरीची शक्यता दिसली होती. फक्त चार सेकंद. ताशी २८ हजारांच्या हिशेबात ते तीस किलोमीटर होतात.

हे सगळं आपल्यासाठी आता जास्त जवळचं झालं आहे. २०२५ च्या जून-जुलैत शुभांशु शुक्ला स्थानकावर राहून परत आले, अन् गगनयानातून भारतीय अंतराळवीर जाणार आहेत तेही सुमारे चारशे किलोमीटरवरच. चंद्रयानात माणूस नव्हता. गगनयानात असेल.

शेतात काही पडलं तर

उल्का एक-दोन सेकंदांत विझते. रॉकेटचा तुकडा जळत येतो तो सावकाश, आडवा जातो, त्याचे फुटून अनेक ठिपके होतात अन् दृश्य अर्धा-एक मिनिटही चालतं. पाडव्याला विदर्भाने पाहिलं ते असंच. संध्याकाळी न लुकलुकता सरळ जाणारा तेजस्वी ठिपका मात्र बरेचदा अंतराळ स्थानकच असतं, त्याला घाबरायचं कारण नाही.

अनोळखी धातूची रिंग, गोळा किंवा जळका पत्रा सापडला तर हात लावू नका, पोरांना जवळ जाऊ देऊ नका. गोळ्यासारखी वस्तू बहुतेक वेळा दाबाची टाकी असते. काही टाक्यांत हायड्राझीन नावाचं विषारी इंधन असू शकतं. भंगारात विकण्यासाठी कापायला तर अजिबात जाऊ नका. दुरून फोटो काढा, पोलीस पाटलांना सांगा किंवा ११२ वर फोन करा. वस्तू तशीही सापडणाऱ्याची होत नाही. १९६८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ज्या देशाची असेल त्याने मागितली तर परत द्यावी लागते.

पण नुकसान झालं तर भरपाईची सोयही आहे. १९७२ च्या करारानुसार जमिनीवर झालेल्या नुकसानीला रॉकेट सोडणारा देश जबाबदार असतो, चूक कोणाची हे सिद्ध करायचीही गरज नसते. १९७८ मध्ये रशियाचा, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघाचा, अणुइंधनावर चालणारा उपग्रह कॅनडात पडला, तेव्हा साफसफाईपोटी त्या देशाने ३० लाख कॅनेडियन डॉलर देण्याचं मान्य केलं होतं. हा दावा शेतकऱ्याला थेट करता येत नाही, तो भारत सरकारमार्फत जातो. म्हणून गोठा मोडला, जनावर दगावलं किंवा उभं पीक जळालं, तर तुकडा उचलण्याआधी तलाठ्याला बोलवून जागेवरच पंचनामा करून घ्यावा अन् त्याची प्रत आपल्याजवळ ठेवावी.