मैलाचे दगड

काही महिन्यांपूर्वी एका संस्थेकडून परिचयपत्राचा अर्ज आला. नाव, पदवी, सेवेची वर्षे हे रकाने झटपट भरून झाले. 'प्राप्त पुरस्कार' या रकान्यापाशी मात्र लेखणी थबकली. इतक्या वर्षांच्या बालरोगचिकित्सेनंतरही तेथे लिहिण्याजोगे काही सापडेना. मन किंचित खट्टू झाले, हे आपणा व्यवसायबंधूंपासून कशाला लपवू?

दुसरा दिवस निपाणीचा होता. आठवड्यातून एकदा मी बेळगावहून तेथे रुग्ण तपासण्यास जातो. संकेश्वर मागे पडले, तवंदीचा घाट आला. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड पाहता पाहता काही वर्षांपूर्वीची एक माता आठवली.

ती निपाणीची विडी कामगार. हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीवर तिचे घर चालत असे. तिची मुलगी जन्मल्यावर लगेच रडली नव्हती; पुढे सेरेब्रल पाल्सीचे निदान झाले. दर भेटीत मी मान सावरणे, पालथे पडणे, बसणे, उभे राहणे असे विकासाचे टप्पे विचारीत असे आणि कागदावर 'नाही' असे लिहीत असे. माझ्या दृष्टीने ती शास्त्रीय नोंद होती. त्या माउलीच्या दृष्टीने तो दर महिन्याचा नापासाचा शेरा होता, हे माझ्या ध्यानीही आले नाही. मध्यंतरी ती येईनाशी झाली.

मुलगी तीन वर्षांची झाल्यावर ती एकदा अचानक आली. हातात साखरेची पुडी. "डाक्टरसाहेब, पोरगी बसली की हो! मी एक बंडल बांधेपर्यंत बसली, आधाराशिवाय!" बाहेर ताटकळलेल्या प्रत्येकाच्या हातावर तिने चिमूटभर साखर ठेवली. मी सवयीने 'विलंबित' असे लिहू लागलो होतो. माझ्या तळव्यावरही साखर पडली आणि लेखणी खाली ठेवावी लागली. त्या दिवशी कागदावर मी एवढेच लिहिले : 'बसली', आणि पुढे दिनांक.

मित्रहो, जीवनाच्या साध्या टप्प्यांचा गौरव करण्याची रीत आपल्या समाजाला नवी नाही. बारसे, उष्टावण, पहिल्या संक्रांतीचे बोरन्हाण, साठीशांत, हजार पौर्णिमा पाहिलेल्या वृद्धांचे सहस्रचंद्रदर्शन. या सोहळ्यांत पहिला-दुसरा क्रमांक नसतो. आपण मात्र त्या टप्प्यांची शर्यत केली. "शेजारचा अकराव्या महिन्यात चालला, आमचा का नाही?" हा प्रश्न आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी बालके आधाराविना चालू लागण्याचा काळ सुमारे ८ ते १८ महिने इतका विस्तृत आढळला.

डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५२ साली नवजात अर्भकांसाठी दहा गुणांची पद्धत मांडली, ती बालकांचे क्रमांक लावण्यासाठी नव्हे. कोणत्या बाळाला तत्काळ मदत हवी, हे कळावे म्हणून. विकासाच्या टप्प्यांचेही तसेच आहे. विलंब वेळीच ओळखणे हे आपले कर्तव्य आहेच. त्यात हयगय नको. परंतु उशिरा गाठलेला टप्पाही गाठलेलाच असतो, हे सांगणारे आपल्यावाचून त्या घरात कदाचित दुसरे कोणी नसते.

हे शहाणपण मला स्वतःच्या घरीही उशिराच सुचले. माझ्या कन्येने पहिले पाऊल टाकले तेव्हा मी परक्यांची मुले तपासत होतो. रात्री पत्नीने आनंदाने ते सांगितले, तेव्हा मी महिने मोजून "नॉर्मल आहे" एवढेच म्हणालो. पत्नी काही बोलली नाही. तो सोहळा माझ्या हातून निसटला, तो कायमचाच.

त्या रिकाम्या रकान्याकडे आज पाहतो तेव्हा आणखी एक गोष्ट आठवते. विद्यार्थिदशेत आम्ही पोलिओने लुळी पडलेली मुले वॉर्डांत पाहिली. १९९५ साली पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. वन्य विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा देशातील अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आपला विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. त्या रविवारी बूथवर बसलेल्या अंगणवाडी सेविकेला, परिचारिकेला वा आपणांपैकी कोणाला त्यासाठी शाल मिळाली नसेल. परंतु एक पिढी आपल्या पायांवर चालत शाळेत गेली.

तो अर्ज मी रकाना कोरा ठेवूनच पाठविला. मन आता खट्टू नाही. एकच विनंती करतो : पुढच्या वेळी एखादी आई "डॉक्टर, आज हा उभा राहिला" असे म्हणेल, तेव्हा वय विचारण्यापूर्वी तिचे अभिनंदन करावे. आणि घरी परतल्यावर, तेथे आज कोणी कोणता टप्पा गाठला, याचीही चौकशी करावी.